खांद्यावरची सायकल

कारखान्यातला तो फिटर रोज सकाळी सायकल खांद्यावर घेऊन चार मैल पळत कामावर यायचा आणि संध्याकाळी तिच्यावर बसून घरी जायचा. हा त्याचा कुस्तीचा सराव. "नुसता जोर केला की फडात धाप लागती, नुसतं पळालं की अंगात ताकद ऱ्हात न्हाई. दोन्ही एकदम पायजे," असं तो सांगायचा. लोक हसायचे. तो खांद्यावरच्या सायकलची घंटी वाजवून वाट मागायचा.

मी सातवीतून शाळा सोडून कोकणातून इथं संगमनेरजवळ त्याच कारखान्यात कामाला आलेला. बहिणीच्या लग्नाला निघालो त्या सकाळी उशीर झाला. नवऱ्या मुलाचा कान पिळायला मी एकटाच भाऊ, आणि पुण्याची एसटी चुकली तर लग्नच चुकणार होतं. तेवढ्यात तो फिटर समोरून पळत आला.

"पैलवान, सायकलवरनं स्टँडवर सोडता का?"

"सकाळी मी सायकलवर बसत न्हाई."

मला सायकल येत नव्हती. रडूच आलं. त्याची पाळी भरायची वेळ झाली होती, तरी त्यानं मला उचलून दुसऱ्या खांद्यावर बसवलं आणि तो उलटा संगमनेरकडं पळत सुटला. मी पोटाशी ट्रंक धरलेली, तो घंटी वाजवतोय. बैलगाड्या थांबून बघत होत्या.

एसटी हलता हलता त्यानं मला दारात ठेवलं. धाप मलाच लागली होती.

"लई उपकार झाले," मी म्हणालो.

तो नाराज दिसला. "कसले उपकार? लेका, काय वजन न्हाई तुला. लग्नात लाडू दाबून खा. आन् परत येताना सकाळच्याच गाडीनं ये. मी स्टँडवर हाय."