बर्फवालीची पांढरी पट्टी

बर्फवाली माणसांआधी बर्फाला नमस्कार करायची. रिंकवर उतरताना कमरेतून वाकायची, बाहेर पडताना पुन्हा. पंचाने शिक्षा म्हणून बाहेर बसवलं, तर त्यालाही वाकून मगच बाकाकडे जायची.

फ्रँकफर्टला शिकत असताना मी आणि ती एका फ्लॅटमध्ये राहायचो. ती मूळची जपानमधल्या होक्काइदोची. दिवसा बेकरीत पाव विकायची आणि उरलेल्या वेळात तिथल्या क्लबच्या महिला संघातून आइस हॉकी खेळायची. जपानच्या संघात जायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात. निवड चाचणी वसंतात होती.

सराव संपला की ही कपडे बदलायची खोली झाडायला घ्यायची. ती खोली पुरुषांच्या संघाचीही. त्यांच्या बाटल्या, केळ्याच्या साली, स्टिकवरून सोललेल्या चिकटपट्ट्या, सगळं हीच गोळा करणार. मी मोर्चात पत्रकं वाटणाऱ्या आईबापांची लेक. पेटून उठायचे.

"अगं, त्या बाप्यांचा कचरा तू का उचलतेस? हे शोषण आहे!"

"या, या," ती जर्मन होकार भरायची. "सुपली धर जरा."

आणि मी धरायचे.

हिवाळ्यात क्लबने महिलांची शनिवारची वेळ त्याच पुरुष संघाच्या पोट सुटलेल्या, चाळिशीपुढच्या मंडळींना देऊन टाकली. चाचणी तोंडावर आणि हिच्या पायाखालचा बर्फच गेला. मी एका बैठकीत जळजळीत पत्रक लिहिलं. तिने ते शांतपणे वाचलं.

"छान आहे. फक्त आमच्या खेळाबद्दल यात काहीच नाही."

"मग तू काय करणार, बाईसाहेब? वाकून नमस्कार?"

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर.

पुढच्या सरावानंतर तिने स्टिकला गुंडाळायची पांढरी पट्टी खोलीच्या मधोमध, दारापासून भिंतीपर्यंत चिकटवली. अलीकडची बाजू आरशासारखी लखलखीत केली. पलीकडे हातही लावला नाही. त्या बाजूला वाकून नमस्कार केला आणि निघाली. दर सरावाला हेच. काही दिवसांत पट्टीपलीकडे उकिरडा झाला. पुरुष मंडळी केअरटेकरवर खेकसली.

"मी ही खोली कधीच झाडली नाही," तो बिचारा म्हणाला. "मला वाटायचं, तुम्हीच झाडता!"

शेवटी त्यांचा कॅप्टन लालबुंद होऊन बेकरीत आला. मी तिथेच कॉफी पीत होते.

"शनिवार तुमचा," तो पुटपुटला. "ती पट्टी काढशील?"

तिने दोन्ही हातांनी त्याला पाव दिला. "पट्टी राहू दे. झाडू दारामागे आहे."

वसंतात ती चाचणीला गेली ती परतली नाही. महिन्याभराने मेल आली: "निवड झाली नाही. तीन दिवस रडले. आता गावातल्या मुलींना शिकवते. खोली त्याच झाडतात, पण आपली बाजू तेवढीच."

मी अजून पत्रकं लिहिते. मोर्चा पांगला की रस्त्यावर पडलेली आमचीच पत्रकं वेचते. सोबतचे हसतात. मी त्यांच्या हातात सुपली देते.