घट बसायच्या आधी साफ केलेला कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर मी एकदा घट बसायच्या आधी साफ केला. पाण्याने नव्हे. पाण्याने केला असता तर एवढा घोळ झाला नसता.

आता नाती मला 'जुन्या वळणाची आजी' म्हणतात. पण तेव्हा मी अवघी अठ्ठावन्नची, कॉम्प्युटरचा क्लास केलेली आणि (नंबर असूनही) चष्मा न लावणारी तरुणी होते! लोणावळ्यात आमचं चिक्कीचं दुकान. बिलं मी टाइप करायचे. एकाच बोटाने, पण काय तोरा!

त्या वर्षी माझ्या मुलाने, नितीनने, कॉम्प्युटरवर नवं विंडोज टाकलं. म्हणाला, "आई, जुन्या विंडोजचं सगळं अजून आत एका फोल्डरमध्ये पडलंय. रविवारी कामाचं काढून घेतो, मग उडवू. तोवर हात लावू नकोस."

रविवारी? आणि घट तर शनिवारी बसणार! आमच्याकडे घटाआधी घरातली चिंधीसुद्धा धुतल्यावाचून सुटत नाही. गोधड्या इंद्रायणीवर जाऊन आल्या, डबे घासून उन्हात पालथे पडले, आणि ह्या मेल्याच्या पोटात पारोसं विंडोज तसंच? मी सफाईचं पान उघडलं आणि दिसेल त्या चौकटीत बरोबरची खूण केली. कॉम्प्युटरने विचारलं, हे कायमचं जाईल, नक्की ना? (ह्या घरात मला विचारून काही करणारा तो पहिलाच!) मी म्हटलं, नक्की!

रविवारी नितीन किंचाळला. "आई! लेबल कुठंय?"

लेबल म्हणजे आमच्या खोक्यावरचं चित्र. मधोमध माझ्या सासूबाईंचा फोटो, ठसठशीत कुंकू लावलेला. तळेगावच्या एका कारखान्याची दिवाळीची मोठी ऑर्डर पहिल्यांदाच मिळाली होती आणि त्यासाठी खोके छापायचे होते. आधीचा छापखाना बंद पडलेला, दुकानातले खोके पावसाळी पर्यटकांनी संपवलेले. चित्राची फाईल होती फक्त त्या फोल्डरमध्ये!

"गेली ऑर्डर," नितीन डोकं धरून बसला.

"जाऊ दे की," आमचे हे म्हणाले, "घर बघ कसं लख्ख झालंय! हितं धूळ न्हाई आन् धंदाबी न्हाई."

सून प्रियांका तेवढी शांत होती. "आई, तुम्ही तर दुधाची पिशवीसुद्धा धुऊन ठेवता. एखादा जुना खोका नसेल ठेवला?"

ठेवला होता की! स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, मेथीदाणे भरून. तो रिकामा करून मी स्वतः मिरवत नव्या छापखान्यात गेले. छापखानेवाल्याने खोका स्कॅन केला आणि नमुना माझ्या हातात दिला.

"काकू, नीट बघून घ्या हां. नंतर बदल नाही."

मी हात लांब धरला, डोळे बारीक केले, मान डावीकडे कलती केली. "झकास! छापा."

खोके आले. प्रियांकाने एक उचलला आणि तोंडात ओढणी कोंबली. सासूबाईंच्या बरोबर डोक्यावर, माझ्याच अक्षरात, ठळक छापलं होतं: 'मेथी. कडू.'

(डब्यांची गल्लत नको, म्हणून मीच मार्करने लिहिलेलं!)

"आई जिती व्हती तवर तोंडावर बोलाय धजली न्हाईस," हे म्हणाले, "आन् आता छापून आणलंस व्हय!"

पुन्हा छापायला वेळ नव्हता. चिक्की त्याच खोक्यांतून कारखान्यात गेली. पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की नितीन दचकायचा. पण तिकडून ब्र नाही! फोन आला तो एकदम पुढच्या दिवाळीला.

"गेल्या वर्षीएवढीच पाठवा. आणि खोका तोच हवा बरं का! आमची माणसं चिक्की खायच्या आधीच हसत सुटतात."

ऑर्डर टिकली. मात्र सासूबाईंचा आणखी अपमान नको, म्हणून प्रियांकाने कॉम्प्युटरवर बसून लेबल सुधारलं. अक्षरं होती तशीच ठेवली. फोटो तेवढा माझा टाकला. चष्म्यासकट!