हाताला कळत नव्हतं

चाळीस वर्षं एका छपराखाली काढूनही बायकोची आपल्याला फारशी ओळख नव्हती, हे म्हातारबाबांना ती गेल्यावर उमगलं. ती लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून यायची आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागायची. "इस्त्री फिरवायला काय डोंगर फोडावा लागतो?" असं ते चारचौघांत म्हणायचे.

भेटायला आलेली तिची लाँड्रीतली सोबतीण म्हणाली, "भावजी, तापलेलं कापड चेपून चेपून तिचे हात मेले होते. गरम-गार कळायचंच नाही. म्हणायची, घरी बोलू नकोस, ते आणखी हसतील."

म्हातारबाबांना तिची शेवटची सकाळ आठवली. तिने दिलेल्या चहाच्या पेल्याने त्यांची बोटं पोळली होती.

"एवढा गरम पेला हातात देतात? लक्ष कुठे असतं तुझं?"

"चुकलं. ठेवा खाली, निवू द्या."