पत्रिका वाचून आलेला मामा

अंजूरचा धनेश देशोदेशी गोदामांचे रॅक बसवत फिरतो. आता अंजूरच्या माणसाला गोदाम बघायला परदेशी जावं लागतं म्हटल्यावर हसू येणारच. त्याच्या दारातून दगड भिरकावला तर तो गोदामाच्या पत्र्यावरच आपटेल! पण गड्याच्या हाताला गुण होता. शेजारच्या काल्हेर गावच्या गोदामांत नटबोल्ट आवळता आवळता तो फोरमन झाला, आणि कंपनी त्याला कधी केनियाला, कधी पोलंडला धाडू लागली.

तसा धनेश भारी माणूसवेडा. विमानातून उतरला की बॅग घरात टाकायचा आणि थेट मैदानावर, दोस्तांबरोबर क्रिकेट खेळायला. बायको करिष्मा म्हणायची, "बॅग तरी घरी आली, तेवढं बरं." पण नेमकी कामाची वेळ आली की स्वारी परदेशात. त्याची बहीण पार्वती काल्हेरला दिलेली. तिच्या लेकीच्या, क्षितिजाच्या, बारावीचे पेढे मामाने मोबाईलवर बघितले, साखरपुडाही मोबाईलवरच. शेवटी पोरीने दम भरला, "मामा, माझे हलदीला न्हाय आलास ना, तर जन्मात बोलनार न्हाय." धनेशने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

मग तो व्हिएतनामला गेला. तिथे लग्नाची पत्रिका आली, अठरा तारखेची. पठ्ठ्याने लगोलग तिकीट काढलं, अठराला सकाळी मुंबईत. घरी कोणाला सांगितलं नाही, म्हणे सगळ्यांना चकित करू!

फक्त 'येतोय' एवढं ज्याला कळवलं होतं त्या जिवलग दोस्ताचा, भावेशचा, सोळाला फोन आला. "उद्या किती वाजता घ्यायला येऊ?"

"उद्या कशाला? परवा सकाळी ये."

"येड्या, उद्या हलद हाय!"

धनेशने पत्रिका पुन्हा उघडून बघितली, त्यात हळदीचं नावही नव्हतं. आमच्यात लग्नापेक्षा आदल्या दिवसाची हळद मोठी, अख्खं गाव तिलाच लोटतं. हे पत्रिकेत कशाला छापतील? शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"पत्रिका बघून तिकीट काढलंस?" भावेश ओरडला. "अरे, पत्रिका पावन्यांसाठी असते!"

ते वाक्य धनेशच्या काळजात रुतलं. आपण आपल्याच घरात पाहुणे झालो की काय? आधीचं तिकीट कुठेच मिळेना. चाळीस फूट उंचीवर उभा राहून हुकूम सोडणारा हा माणूस त्या दिवशी रॅकच्या मागे जाऊन रडला.

अठराला सकाळी भावेशने त्याला विमानतळावरून थेट काल्हेरला आणलं. दारात पार्वती उभी होती. "या पावनं," ती म्हणाली, "बसा. चा घेनार का?"

सख्खी बहीण, आणि 'बसा'! धनेशची मान खाली गेली.

तेवढ्यात आतून क्षितिजा आली. कपाळ पिवळं, हात पिवळे, डावा गाल पिवळाधमक. आणि उजवा गाल कोरा करकरीत.

"बघ तुझे भाचीचा अवतार!" धवलारीण आक्का कडाडली. लग्नात धवले गाऊन विधी करणारी ही बाई कोणाला भीत नाही. "चाळीस वरसं लग्नं लावतंय, पन अर्धी नवरी कवा बघितली न्हवती. त्या गालाला कोनाला हात लावू देईल तर शपथ! म्हने, ह्यो मामाचा हाय."

"नुसता बघतोस काय?" क्षितिजाने हळदीची वाटी पुढे केली. "लाव."

धनेशने बोटं बुडवली. घाईघाईत हळद गालाला कमी आणि कानालाच जास्त लागली. क्षितिजा खो खो हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आक्काने न सांगता धवला धरला. बायका मागोमाग गाऊ लागल्या. धनेशला वाटलं, सगळी हळद काल नाही, आत्ताच लागतेय.

पार्वतीने पदराने डोळे पुसले आणि एकदम आवाज चढवला, "ए धन्या! झाला ना? मग उभा काय ऱ्हायलास खांबासारखा? पंगत बसतंय, पानी कोन वाढनार?"

"आलो, आलो!" म्हणत धनेशने पिवळ्या हातानेच पाण्याचा जग उचलला आणि पंगतीकडे धावत सुटला.