काळा स्प्रूस वाट बघतो

आम्ही कोळशाच्या भट्ट्यांवरची माणसं. मुकादम "उठा" म्हणाला की आमची आय पोरं आणि पातेली उचलून पुढच्या जंगलात निघायची. शाळा दरवेळी मागे राहायची.

तरी मी शिकले, आणि आता कॅनडाच्या उत्तर भागात वनखात्यात आहे. माझ्या खिडकीसमोर एक काळा स्प्रूस आहे, सुईसारख्या पानांचं थंड मुलखातलं झाड. अंगानं किडमिडा, खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. आगीला चढायला शिडीच. शेंड्याला शंकूसारख्या फळांचा गच्च घोस. राळेनं मिटलेली ही फळं आगीची धग लागली की उघडतात, आणि बी जळक्या जमिनीवर सांडतं. हे कळल्यापासून त्या झाडाकडे फार वेळ बघवत नाही. ते वाट बघत असतं.

परवा संध्याकाळी टेकडीपलीकडे धूर दिसत होता, तेव्हा आयेचा फोन आला. मी तिला धुराचं सांगितलं.

"शिकून पुन्हा धुरातच गेलीस की गं!" ती हसली. "पांढरा हाय का काळा?"

मी पाहिलं. सकाळी पांढरा होता, आता काळा झाला होता. भट्टीवर काळा धूर म्हणजे मातीचं लिंपण फुटून आत जाळ धरला.

"काळा, आये."

"मग माझ्याशी बोलत काय बसलीस?"

वारा इथल्या गावाकडे वळला होता. पाखरं गप्प होती. मी घरोघर जाऊन लोकांना बाहेर काढलं. स्प्रूस जागेवरच उभा राहिला, घोस वर धरून.

आमच्या घरातल्या कुणाच्या शब्दावर पहिल्यांदाच गाव उठलं, आणि मागे एकही माणूस राहिलं नाही.