न पेटणारा पाचोळा

भूत, करणी, अंगात येणं... या सगळ्याला मी हसणारा माणूस. म्हणून हे सांगताना आजही जीभ अडखळते. पण घडलं ते घडलं.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांतली गोष्ट. अमरावतीत एका व्यापाऱ्याच्या बागेत मी माळी होतो. बागेला लागूनच कापसाच्या गंज्या. फाल्गुनात कडुनिंब असा झडायचा की झाडून पाठ फिरवावी तर जमीन पुन्हा दिसेना. एक ठिणगी उडाली तर सगळा कापूस खाक! म्हणून पाचोळा लांब, विहिरीपलीकडच्या खड्ड्यात नेऊन जाळायचा.

त्या दुपारी खड्डा काठोकाठ भरला. मी निखारे टाकले... विझले. पुन्हा आणले — विझले. पानांचा तर हातात चुरा होत होता, इतकी वाळलेली. तेवढ्यात बायको, गंगू, धावत आली.

"सोनी तुमच्यापाशी हाय काय?"

सोनी आमची चार वर्षांची लेक.

"नाई. काहून?"

"घरी नाई, शेजारी नाई... कुठीच नाई वो!"

विहिरीत गळ टाकला. रस्त्यावर तेल्हाऱ्याच्या, चांदूर बाजारच्या कापूसगाड्यांची रांग. एकेका गाडीखाली वाकून पाहिलं. गाडीवानांच्या पाया पडलो. ऊन कललं. गंगू मातीत डोकं आपटून राहिली होती.

परतलो तर बागेचे कारभारी खड्ड्याशी उभे. "तुह्यानं होत नाई, तं मीच पेटवतो," म्हणत त्यांनी तेलाचा जळता टेंभा पाचोळ्यात खुपसला. चर्रर्र... पाण्यात बुडवावा तसा विझला.

"पानी कुठून आलं बे?"

पाणी नव्हतंच. आणि मला एकदम आठवलं — सकाळी सोनी याच खड्ड्याशी खेळत होती! उडी टाकली, दोन्ही हातांनी पानं उपसली. तळाशी सोनी. गाढ झोपलेली. माझ्याच टोपल्या तिच्यावर रिकाम्या झाल्या होत्या.

तिला उचलून वर आलो, चार पावलं चाललो, तोच मागे भडका उडाला. अख्खा खड्डा पेटला होता. विझलेला टेंभा कारभाऱ्यांच्या हातातच होता.

सोनी आता अचलपुरात नांदते. लोक म्हणतात, निखारे आत धुमसत असतील. असतील. मग तिच्या अंगावर साधा फोडही का नव्हता? मला अजून कळलेलं नाही.