दोन चमचे आणि घोटभर पाणी

मी जनीच्या पोटावर हात ठेवला. तिचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. धसईच्या माझ्या दवाखान्यात ती तिसऱ्यांदा आली होती. या वेळी नवऱ्याने, लहूने, उचलून आणली होती.

"डाक्टर, कालपासून ओकते. वारा पन नाय सरत."

शौचाला होत नाही, वाराही सरत नाही आणि वर उलट्या, म्हणजे आतडं बंद पडलं. ते साधं बद्धकोष्ठ राहत नाही. सलाइन लावली, नाकातून नळी टाकली, गाडी मागवून ठाण्याला पाठवली.

जनी डोळखांबकडच्या पाड्यावरची. भात झोडून झालं की दोघं इकडे वीटभट्टीवर येत. पोटाचं दुखणं जुनं. शहापूरला सोनोग्राफी, रक्त, दुर्बीण सगळं झालेलं, सगळं नॉर्मल. निदान आयबीएस. म्हणजे आतडं दिसायला धड, वागायला लहरी. कुणाला जुलाब, कुणाला चार-चार दिवस काहीच नाही. मी इसबगोल दिलं. दोन चमचे, मोठ्या ग्लासभर पाण्यातून. इसबगोल पाण्याने फुगतं आणि मळ मऊ करतं. पाणी मिळालं नाही तर आत त्याचाच घट्ट लगदा होतो.

आठ दिवसांनी ती परत आली. "काय फरक नाय."

"पाणी पितेस ना?"

"पिते."

बाजाराचा दिवस, बाहेर रांग. मी दोनाचे चार चमचे केले. वर "नीट घेत जा" असा दमही दिला. शहाणाच मी!

तिला ठाण्याला पाठवलं त्याच संध्याकाळी तिथल्या सर्जनचा फोन आला. माझा जुना वर्गमित्र. "लगदा दगडासारखा अडकला होता. वरचं आतडं काळं पडलं, तेवढं कापलं. वाचेल. तिला पाणी प्यायला सांगितलं नव्हतंस का रे?"

सांगितलं होतं! दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन लहूवरच चिडलो.

तो खालीच बघत राहिला. "भट्टीवर सगळं उघडं रान, डाक्टर. बाया पहाटं अंधारात जातात, मंग दिस बुडंस्तोवर नाय. म्हून त्या पानीच नाय पीत. ही ती पूड तोंडात टाकायची नि घोटभर पानी घ्यायची, बस."

भट्टी माझ्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. रोज जाता-येता दिसते. मला लाज वाटली, अजून वाटते.

दीड महिन्याने जनी आली. गाल बसलेले, पोटाला पिशवी. आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं, मळ आपोआप पिशवीत येतो. काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करून आतडं जोडायचं. सवयीने मी विचारलं, "पाणी पितेस ना?"

"आता पिते," ती म्हणाली. "आता अंधाराची वाट नाय बघाया लागत."

तेव्हापासून बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन बाई आली की मी आधी पोट तपासत नाही. दिवसा कुठे जातेस, ते विचारतो. बहुतेक जणी मान खाली घालतात. मग इसबगोलचं पाकीट कपाटातच राहतं.